चुलीच्या पोटातली भिंत

(दृश्य : पहाट. काठवटीवरचे हात.)

जानेवारीतली पहाट, चार वाजलेत. सोलापूरच्या बाळे भागातल्या एका घरामागची ही पत्र्याची शेड. थपथप ऐकू येतेय ती काकूंची. पीठ मालदांडी ज्वारीचं, मंगळवेढ्याचं. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर दोन्ही अंगांनी शेकायची आणि मग निखाऱ्यांसमोर उभी करायची. तिच्यातलं पाणी पार उडालं की झाली कडक भाकरी, महिना-दोन महिने टिकते. पण त्यासाठी धग एकसारखी लागते, आणि धग एकसारखी हवी तर चुलीची आतली भिंत धड हवी.

(दृश्य : चुलीच्या आत.)

ही बघा काकूंची भिंत. साध्या लाल विटा, पोपडे धरून गळालेल्या. मधल्या विटेत तर मूठ बसेल एवढा खड्डा. आणि हे करडं ठिगळ सिमेंटचं, गेल्या वर्षी कुणीतरी लिंपून दिलेलं. होटगीला सिमेंटचे कारखाने असलेल्या गावात हात आधी त्याच पोत्याकडे जाणार. पण सिमेंट धरून असतं ते पाण्याच्या जोरावर. चारशे-पाचशे अंशांपुढे ते पाणी सुटतं, मागे चुना उरतो. रात्री चूल निवली की तो चुना हवेतली ओल खाऊन फुगतो. सकाळी पुन्हा जाळ. ठिगळ नखानं कुस्करलं जातंय, ते उगाच नाही.

(दृश्य : विटा, घमेलं, मिस्त्रींचे हात.)

ही फायर ब्रिक, जाळ सोसणारी वीट. नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड. भाजलेलीच बाराशे अंशांच्या वर. लाकडाची चूल तिथवर पोचत नाही. घमेल्यातला पिवळट चिखल फायर क्लेचा, म्हणजे तशाच जाळ सोसणाऱ्या मातीचा, दह्याहून थोडा पातळ. मिस्त्रीमामांनी थापी बाजूला ठेवलीय. वीट पाण्यात बुचकळायची. बुडबुडे थांबले की कड चिखलात बुडवायची, शेजारणीला लावायची आणि वरून लाकडी मोगरीचे दोन ठोके. जास्तीचा चिखल आपोआप बाहेर. सांधा दोन मिलिमीटरचा. जाड सांधा आधी गळतो. बोटभर सांध्याची सवय असलेल्या गवंड्याचा हात इथे अडखळतो. मामा हे साखर कारखान्याच्या बॉयलरवर शिकले.

आता मागची बाजू. नवी भिंत जुन्या बांधकामाला टेकलेली नाही. मधे बोटभर फट, फटीत चाळलेली राख. तापली की नऊ इंची वीट जेमतेम मिलिमीटरभर वाढते, पण तेवढी जागा मिळाली नाही तर बाहेरची चूल तडकते. राख काकूंनी स्वतः ओतली. आपल्या चुलीची राख आपल्याच हातानं, म्हणाल्या.

(दृश्य : ओली चूल.)

‘काकू, तीन दिवस जाळ नको.’

‘तीन दिवस लई झाले की ओ मामा! गड्ड्याच्या जत्रेची ऑर्डर हाय.’

‘मग तडा गेला तर मला बोलवू नका.’

(दृश्य : पहिला जाळ, अगदी जवळून.)

चौथा दिवस. आज लाकूड नाही, नुसत्या मूठभर तुराट्या. सांध्यांकडे लक्ष द्या. आधी ओल गडद होते, मग कडेकडेनं पांढरी पडत आत सरकते. एका सांध्यातून पाण्याचा थेंब आला, थरथरला, तिथंच सुकला. ही वाफ हळूहळू निघाली पाहिजे. मोठा जाळ केला तर कोंडून वीट फोडते. बाभळीचं लाकूड लागलं ते दुसऱ्या दिवशी.

गड्ड्याची अर्धी ऑर्डर तोवर दुसरीकडे गेली होती. आणि धुराडं असलं तरी धूर आहेच, काकूंचे डोळे चुरचुरतात.

(दृश्य : पहिली भाकरी.)

नवी भिंत जुन्या खड्ड्यापेक्षा दोन बोटं पुढे आलीय, त्यामुळे निखारेही तेवढेच पुढे. हात मात्र जुन्या अंदाजानं चालतोय. पहिल्या भाकरीची पाठ करपली. काकूंनी ती उलटून बघितली, बाजूला ठेवली आणि दुसरी भाकरी दोन बोटं अलीकडे उभी केली.