कंटाळवाणी गाडी, वेडे चाहते

(दृश्य: वाहनतळावर ओळीने उभ्या पांढऱ्या आणि करड्या कोरोला.)

गाडीवेड्यांच्या घोळक्यात टोयोटाचं नाव काढलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "गाडी चांगली आहे, पण चालवायला मजा नाही." जरा वेळ थांबा. त्याच घोळक्यात कुणी टोयोटाच्याच सुप्रा या स्पोर्ट्स कारचा विषय काढतं, कुणी एई-८६ या जुन्या छोट्या गाडीचा, कुणी लँड क्रूझरचा, आणि मग आवाज चढतात. नावं ठेवणारी आणि जीव ओवाळून टाकणारी माणसं तीच असतात.

माझं मत आधीच सांगून टाकावं हे बरं. ज्या स्वभावामुळे टोयोटा कंटाळवाणी वाटते, त्याच स्वभावातून तिच्या सगळ्यात लाडक्या गाड्या निघाल्या आहेत. शौकिनांनी हे मान्य केलं तर त्यांची तक्रार आणखी धारदार होईल.

(दृश्य: जुनं छायाचित्र, पहिली कोरोला.)

१९६६ साली जपानमध्ये पहिली कोरोला आली, तेव्हा तिचं इंजिन जेमतेम ११०० सीसीचं होतं. १९९७ मध्ये ती फोक्सवॅगनच्या बीटलला मागे टाकून जगातलं सर्वाधिक खपाचं नाव झाली आणि २०२१ मध्ये तिच्या विक्रीने पाच कोटींचा टप्पा ओलांडला. हे यश विश्वासावर उभं आहे, आणि त्या विश्वासाला तडेही गेलेत. २००९-१० मध्ये अडकणारे पेडल आणि पायाखालचे मॅट यांच्यापायी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या प्रकरणात २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. तरी ग्राहक टिकले.

शौकिनाला मात्र खपाच्या आकड्यांशी सोयरसुतक नसतं. त्याला पायाखाली आणि हातात काय जाणवतं ते हवं असतं.

(दृश्य: हायब्रिड गाडीचा डॅशबोर्ड. काटा चढतो आहे.)

त्याची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, ते हायब्रिड गाडीत बसल्यावर कळतं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन एकदम वरच्या फेऱ्यांवर जातं आणि तिथेच घोंघावत राहतं. वेग मागाहून, सावकाश वाढतो. आवाज आणि वेग यांची फारकत होते. गिअर बदलताना बसणारा तो छोटा झटका नाही, चढत जाणारा सूर नाही. ज्याने आयुष्यभर कानाने गाडी चालवली, त्याला इथे आपण गाडीतले प्रवासी झालो असं वाटतं.

आता त्याच गाडीच्या पोटात डोकावू. १९९७ च्या प्रियसपासून चालत आलेल्या या रचनेत एका मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर, त्यांच्या बाहेर दात्यांची कडी आणि दोन विद्युत मोटारी, एवढ्यावर सगळं भागतं. घासणारा क्लच नाही, ताणला जाणारा पट्टा नाही, वेगळा स्टार्टर नाही, नेहमीचा अल्टरनेटर नाही. जे नाहीच, ते बिघडणार कुठून? इंजिन जिथे सगळ्यात कमी इंधन खातं, त्याच फेऱ्यांच्या आसपास संगणक त्याला ठेवतो. टॅक्सीवाला ज्या गोष्टीसाठी ही गाडी डोळे मिटून घेतो, नेमकी तीच शौकिनाच्या डोक्यात जाते. दोघंही बरोबर आहेत.

(दृश्य: घाटाचा रस्ता, रात्र. काळ्या-पांढऱ्या रंगाची छोटी, दोन दारांची कूपे.)

आता एई-८६. १९८३ ते १९८७ या काळातली ही गाडी म्हणजे सरळसरळ कोरोलाच. त्या पिढीत कोरोला पुढच्या चाकांच्या ड्राइव्हवर गेली होती, पण कूपेसाठी आधीच्या पिढीचाच सांगाडा वापरला गेला आणि तिची ताकद मागच्याच चाकांना मिळत राहिली. मागचा अ‍ॅक्सल जुन्या पद्धतीचा, अखंड. वर १.६ लिटरचं, सोळा वाल्वचं, फेऱ्या आवडणारं इंजिन, आणि वजन हजार किलोच्या आत. केइची त्सुचिया याने जपानच्या डोंगरी रस्त्यांवर हीच गाडी आडवी घालत वळणं काढली आणि ड्रिफ्टिंगचा राजा म्हणून नाव कमावलं. आज जिची पूजा होते, ती तेव्हा पगारदार तरुणाला परवडणारी गाडी होती. माझ्या मते तिची खरी थोरवी यातच आहे.

(दृश्य: उघडं बॉनेट, सहा सिलिंडरांचं लांबलचक इंजिन.)

सुप्राचं २जेझेड इंजिनही त्याच घरातलं. चाहते ते १९९३ च्या सुप्राशी जोडतात, पण दोन टर्बो लावलेला हा प्रकार आधी १९९१ मध्ये अ‍ॅरिस्टो नावाच्या चार दारांच्या गंभीर सेडानमध्ये बसला होता. तीन लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, बिडाचा.  पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या क्रँकच्या दांड्याला सात ठिकाणी आधार. जपानमध्ये कागदावर २८० अश्वशक्ती, आणि इंजिन उघडणारे कारागीर मोठा टर्बो लावून त्याच ब्लॉकमधून ६०० च्या पुढे सहज जातात. इतकी ताकद पेलेल असं इंजिन टोयोटाने मुळात बनवलं कशाला? शर्यतीसाठी नव्हे. वर्षानुवर्षं काही होऊ नये म्हणून मापात भरपूर राखीव ठेवायची जी सवय कोरोलात दिसते, तीच इथे दिसते. शौकिनांनी ती राखीव शोधून काढली, इतकंच.

लँड क्रूझरवाल्यांचं गणित तर याहून सरळ आहे. १९८४ ची ७० मालिका अजून बनते आहे, आणि तिच्यात फार काही बदलू नका हीच त्यांची मागणी असते.

(दृश्य: काळा पडदा. मग रिकामं दालन.)

मग बिनसलं कुठे? टोयोटाच्या स्पोर्ट्स गाड्यांपैकी सेलिका २००६ मध्ये बंद झाली, एमआर-२ चा शेवटचा वारस २००७ मध्ये. सुप्रा त्याआधीच गेली होती. पुढची काही वर्षं दोनेक माणसांची, सामान्य खिशाची एकही स्पोर्ट्स कार टोयोटाकडे नव्हती. दोष कंपनीला देणं सोपं आहे. पण वाखाणणारे खूप आणि शोरूममध्ये जाऊन नवी गाडी घेणारे थोडे, हेही खरंच होतं. बहुतेक चाहते या गाड्यांच्या प्रेमात पडले ते त्या सेकंडहँड बाजारात आल्यावर.

(दृश्य: जर्मनीतल्या नुरबर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावरचं वळण, धुकं.)

चक्र फिरलं ते आतून. हिरोमु नारुसे हे टोयोटाचे मुख्य चाचणी चालक. संस्थापकाचे नातू अकिओ टोयोडा यांना त्यांनी गाडी चालवायला शिकवलं, खऱ्या अर्थाने, नुरबर्गरिंगवर, जुन्या सुप्रात बसवून. २००७ मध्ये दोघं तिथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरले ते जुन्या, वापरलेल्या अल्टेझा सेडान घेऊन, आणि संघाच्या नावात टोयोटा हा शब्द नव्हता. अकिओंनी स्वतःचं नाव लावलं मोरिझो. २००९ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. जून २०१० मध्ये नुरबर्गरिंगजवळच्या सार्वजनिक रस्त्यावर टोयोटाच्याच लेक्सस ब्रँडच्या एलएफए या सुपरकारची चाचणी घेताना नारुसे अपघातात गेले. त्यानंतरच्या टोयोटाच्या प्रत्येक वेगवान गाडीत मला त्या शिकवणीचा अंश दिसतो.

(दृश्य: २०२० ची जीआर यारिस, कारखान्याच्या फरशीवर.)

२०१२ मध्ये सुबारूच्या जोडीने बनवलेली ‘८६’ नावाची स्पोर्ट्स कार आली. २०१९ मध्ये सुप्रा परतली आणि भांडण पेटलं, कारण तिच्यातलं सहा सिलिंडरचं इंजिन बीएमडब्ल्यूचं आणि जोडणी ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात. गाडी उत्तम पळते, तरी चाहत्यांचा राग मला समजतो. बिडाचा तो ब्लॉक ज्या नावाची ओळख होता, त्या नावाखाली दुसऱ्याचं इंजिन पचवणं जड जातं. हाताने टाकायचे गिअर मात्र २०२२ मध्ये मिळाले, ते मागणी लावून धरल्यामुळेच.

२०२० च्या जीआर यारिस या छोट्या, वेगवान गाडीबद्दल वाद फारसा नाही. तीन सिलिंडर, १.६ लिटर, चारही चाकांना ताकद, छप्पर कार्बन फायबरचं, आणि तीनच दारांचा वेगळा सांगाडा. मोतोमाची कारखान्यात तिच्यासाठी सरकता पट्टा नाही. गाडी एका कक्षातून दुसऱ्या कक्षात नेतात आणि कुशल हात तिची मापं जुळवतात. जिच्यासाठी ती आखली होती ती रॅली गाडी कोविडमुळे रद्द झाली, तरी रस्त्यावरची गाडी लोकांपर्यंत पोचली.

पण ती एई-८६ ची जागा घेत नाही. ती खास हातांनी घडवलेली, मोजक्यांची गाडी आहे. ‘८६’ ची पुढची पिढी जीआर-८६ त्या जागेच्या जवळ जाते, तर युरोपात नव्या सुरक्षा नियमांमुळे तिची विक्री २०२४ मध्ये थांबली. म्हणून आज शौकिनांनी टोयोटाकडे एकच हट्ट धरावा: हजार किलोच्या आसपासची, मागच्या चाकांची, क्लच असलेली, कोरोलाचेच सुटे भाग वापरणारी आणि कोरोलाच्याच गिऱ्हाइकाला परवडणारी गाडी. आणि ती आली, तर जुनी होण्याची वाट न बघता नवी असतानाच विकत घ्यावी.