मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

नमस्कार श्रोतेहो. घरातलं कुणी अमेरिकेला निघालं की शेजारीपाजारी हमखास विचारतात, किती लांब? किती तास? मुंबईहून न्यूयॉर्क सरळ अंतरानं साधारण 12,500 किलोमीटर. पुन्हा सांगतो, साडेबारा हजार. न थांबणारं विमान असेल तर जाताना 15-16 तास, येताना त्याहून कमी.

आमचे एक काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर लेकीच्या बाळंतपणासाठी काकूंबरोबर तिकडं निघाले. काकूंच्या डोक्यात डिंकाचे लाडू, काकांच्या डोक्यात टप्पे. एसटीचा टप्पा 6 किलोमीटरचा. काकांनी भागाकार करून ठेवला होता, ‘दोन हजारांवर टप्पे!’ भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मार्गही आखला होता. अरबस्तान, सहारा, मोरोक्को, मग अटलांटिक.

विमानात बसले, तर समोरच्या पडद्यावरचं इवलंसं विमान निघालं उत्तरेकडं. काका अस्वस्थ. रशिया आला, तरी गप्प राहिले. पुढं कित्येक तासांनी खिडकीतून पाहतात तो खाली ग्रीनलंडचा बर्फ! त्यांनी सवयीनं बेल दाबली, तीही दोनदा. एसटीत डबल बेल म्हणजे ‘जाऊ द्या’. इथं हवाई सुंदरी धावत आली. काका म्हणाले, ‘‘बाई, ड्रायव्हरला सांगा, रूट चुकलाय.’’ काकूंनी तत्काळ झोपेचं सोंग घेतलं. नशिबानं ती मुलगी मराठी निघाली. पाण्याचा ग्लास हातात देत म्हणाली, ‘‘काका, हाच जवळचा रस्ता आहे.’’

आणि तो जवळचाच आहे. नकाशा सपाट, पृथ्वी गोल. घरातल्या पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा, तो वर आइसलँडच्या अंगानं जातो.

खिडकीसाठी भांडायचं आणि बसल्याबसल्या झडप ओढून सिनेमा लावायचा, ही लोकांची रीत मला कधी समजली नाही. ग्रीनलंड काय रोज दिसतं?

असो. आता वारा. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारा असतो. अमेरिकेला जाताना तोंडावर, येताना पाठीवर. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडं, वारा पाठीवर घेऊन नेलं. मार्ग सुमारे 1,400 किलोमीटरनं वाढून 15,300 वर गेला, आणि वेळ उतरून साडेचौदा तासांवर आला. ऐकलंत ना? अंतर वाढलं, वेळ घटला. पण कधी अंतराबरोबर वेळही वाढतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडं जाणाऱ्यांना वळसा पडला.

एक मात्र करा. तिकिटावरच्या सुटण्या-पोचण्याच्या वेळांची वजाबाकी करून तास काढू नका. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं, हिवाळ्यात साडेदहा. प्रवासाचे तास तिकिटावर वेगळे दिलेले असतात, ते बघा. आणि विमान उतरल्यावर लगेच फोन आला नाही तर जीव टांगणीला लावू नका, इमिग्रेशनची रांग लांब असते. नमस्कार.