जुन्या कपाटाला कोणता रंग?

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत सध्या गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंट चालू आहे. दादर-गिरगावातली एखादी इमारत रिकामी व्हायला लागली, की नव्या जागेत मावणार नाही म्हणून आजोबांच्या वेळचं कपाट, आरशाचं टेबल, आरामखुर्ची असं सगळं निघतं. फिरत फिरत ते जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पोचतं, नाहीतर चोरबाजारात. तिथून असं सामान घ्यायचं, दुरुस्त करायचं, रंगवून विकायचं, हा जोडधंदा करणारे बरेच जण आज ऐकत असतील. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: रंग कोणता लावू?

आपल्याला आवडतो तो लावू नका, एवढं मी आधी सांगते. वस्तू आपल्या घरात राहायची नाहीये. रंग आधी लाकडाला विचारायचा आणि मग घेणाऱ्याच्या घराला.

लाकूड ओळखायचं तर ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि त्याच्या बाजूच्या पट्ट्या आतून बघा. तिथे सहसा कुणी पॉलिश मारलेलं नसतं. सागवान सोनेरी तपकिरी दिसतं, हाताला किंचित तेलकट लागतं. शिसम गडद, काळपट रेघांचं आणि उचलायला चांगलंच जड. यातलं काही निघालं, तर त्यावर ऑइलपेंट फासू नका. सागवान कळणारं गिऱ्हाईक रंगाखाली काय झाकलंय म्हणून नख मारून बघतं, आणि मग किंमत पाडून मागतं. प्लायवूड, पाइन, इकडचं-तिकडचं लाकूड जोडून केलेलं कपाट, हे मात्र खुशाल रंगवा. त्यांचं रूप रंगानेच खुलतं.

आता पॉलिशबद्दल. स्टेन म्हणजे लाकडात मुरणारा, रेषा न झाकणारा रंग. त्याने लाकूड गडद करता येतं, फिकट करता येत नाही. म्हणून सुरुवात नेहमी हलक्या हाताने. आधी एक सोपी गोष्ट करा. सँडपेपरने घासून स्वच्छ केलेल्या लाकडावर स्पिरिटचा बोळा फिरवा. ओलं असेपर्यंत जो रंग दिसेल, साधारण तोच पारदर्शक पॉलिशखाली दिसणार आहे. चांगल्या सागवानावर तो इतका छान उठतो, की स्टेनचा डबा उघडायचीच गरज पडत नाही. जुने पॉलिशवाले खडूच्या भुकटीत गेरू आणि पिवडी, म्हणजे पिवळी माती, कालवून लाकडाच्या रेषांमध्ये भरायचे आणि वर चपडा लाखेचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, स्पिरिट पॉलिश चढवायचे. गेरू चिमूटभर जास्त झाला की लाली यायची, पिवडी वाढली की ऊब. तीच समज आज डब्यातून स्टेन घेतानाही लागते. एके काळी घरोघरी लालसर महोगनी पॉलिश असायचं. माझं मत विचाराल तर ती लाली आता नको. मध्यम वॉलनट, म्हणजे अक्रोडाच्या लाकडासारखा तपकिरी, किंवा नुसता सागवानी रंग लवकर विकला जातो.

पाइनवर स्टेन थेट लावला तर तो कुठे जास्त पितो, कुठे कमी, आणि वस्तूवर डाग पडल्यासारखे दिसतात. आधी लाखेचा अगदी पातळ हात द्या, हलकंसं घासा, मग स्टेन.

पांढऱ्याची गोष्ट वेगळी. सगळ्यांना पांढरं कपाट हवं असतं, कारण दहा बाय बाराच्या खोलीत ते कमी जागा अडवल्यासारखं वाटतं. पण गडद लाकडात टॅनिन नावाचं, पाण्यात रंग सोडणारं द्रव्य असतं. पाण्यातला पांढरा रंग थेट मारलात, तर काही दिवसांत त्यातून पिवळट-तांबूस डाग वर येतात आणि कितीही हात दिले तरी झाकत नाहीत. त्यालाही उपाय लाखच: आधी लाखेचा थर, त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मग रंग. ऑइलपेंटचा पांढरा आणखी वेगळा त्रास देतो. जिथे उजेड पोचत नाही, म्हणजे कपाटाच्या आत, दाराच्या मागे, तिथे तो पिवळा पडत जातो. त्यामुळे पांढऱ्यासाठी मी पाण्यातला रंगच घेते, आणि कोरा पांढरा टाळून मोतिया किंवा बदामी. मुंबईच्या धुळीत कोरा पांढरा शोरूममध्येच शोभतो.

भडक रंग आवडत असतील तर छोट्या वस्तूंवर हौस भागवा. मोरपंखी टीपॉय विकला जातो, मोरपंखी डबलबेड घ्यायला मात्र धीर लागतो. मोठ्या वस्तूला फिकट राखाडी, शेवाळी, बदामी असे रंग ठेवावेत, कारण ते बहुतेकांच्या भिंतीला चालतात.

इराणी हॉटेलात दिसणाऱ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या हाती लागल्या, तर त्यांना तर अजिबात रंगवू नका. मायकल थोनेट यांनी 1859 मध्ये व्हिएन्नात बाजारात आणलेल्या खुर्चीच्या त्या बहिणी. त्यांचं मूळचं गडद पॉलिश साफ करून वर हलका हात दिला, की पुरे. तसं गिऱ्हाईकही त्या जुनेपणाचेच पैसे देतं.

एक सावधगिरी. जुना ऑइलपेंट कोरडा घासून काढू नका. त्यात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, आत ठेवण्याचा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. पाणी लावून घासा, तोंडाला चांगला मास्क बांधा, मुलांना लांब ठेवा.

रंगाचा नमुना कपाटाच्या मागे किंवा फळीखाली लावा आणि तो सकाळी खिडकीजवळ, रात्री ट्यूबलाइटखाली असा दोनदा बघा. खिडकीत उबदार वाटणारा तपकिरी रंग पांढऱ्या ट्यूबखाली मातकट दिसतो, आणि मुंबईतल्या बऱ्याच घरांत संध्याकाळपासून ट्यूबच पेटलेली असते. फोटोसुद्धा दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता काढा, म्हणजे टेम्पोतून वस्तू उतरल्यावर रंगावरून वाद होत नाहीत.

पावसाळ्यात स्पिरिट पॉलिश शक्यतो करूच नका. दमट हवेत ते दुधाळ पडतं. पाण्यातला रंगही हाताला सुका लागला तरी आतून कच्चा असतो, आणि ड्रॉवर घट्ट बसला की उघडताना रंगासकट निघतो. जुलैत वस्तू घेऊन, घासून ठेवावी आणि रंगकाम ऑक्टोबरच्या उन्हात काढावं.

आणि विकताना उरलेल्या रंगाची एक छोटी बाटली सोबत द्या, वर शेडचं नाव लिहून. चाळीच्या जिन्यात वळणावर एखादा कोपरा घासला जाणारच. नमस्कार.