पिठाच्या पोत्यापासून पतसंस्थेपर्यंत: युद्धानंतरचा कोरिया आणि मिशनरी

नमस्कार मंडळी.

पत्र्याचा एक जेवणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. आईने त्यात दुधाची भुकटी भरलीय आणि भात शिजतोय त्याच भांड्यात डबा वाफेला ठेवलाय. थोड्या वेळाने झाकण उघडलं तर आत दुधाची वीट. गार झाली की दगड. ती दातांनी खरवडत, चघळत पोरं दिवस काढायची. दक्षिण कोरियात आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीच्या लहानपणाच्या आठवणी निघाल्या की ही वीट निघतेच.

भुकटी अमेरिकेतल्या जादा उत्पादनाची होती. पण अमेरिकेच्या कोठारातून निघून ती या डब्यापर्यंत पोचली, त्यात मोठा वाटा चर्चच्या संघटनांचा होता. आज त्यांच्याविषयी बोलायचंय.

(स्क्रीनवर: कोरियाचा नकाशा)

२५ जून १९५० ला उत्तर आणि दक्षिण कोरियात युद्ध पेटलं, २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला. तीन वर्षांत सोल शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. घरं गेली, शाळा गेल्या, गुरंढोरं गेली. अनाथ मुलांचा आकडा लाखाच्या घरात सांगतात. निर्वासितांचे लोंढे दक्षिणेकडे, बुसान बंदरात येऊन थडकले. तिथे मेरीनॉल सिस्टर्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॅथलिक जोगिणींच्या संघाचा, दवाखाना होता. दिवसाला दोन हजारांच्या आसपास रोगी.

मिशनरी इथे नवखे नव्हते, हे लक्षात घ्या. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी १८८० च्या दशकातच दवाखाने आणि शाळा उघडल्या होत्या. कॅथलिक त्याही आधीपासून होते. त्यामुळे त्यांच्याकडे भाषा होती, ओळखी होत्या, आणि कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे सांगणारी माणसं होती.

मदत तरी किती तऱ्हेची! हायफर नावाची संस्था, मूळची चर्च ऑफ द ब्रेदरन या पंथातल्या शेतकऱ्यांची. त्यांनी १९५२ मध्ये विमानाने उबवणीची अंडी पाठवली. दोन लाखांहून जास्त! खायची नाहीत हां, उबवायची. कोंबड्यांचा वंशच तुटत आला होता, तो पुन्हा धरायचा म्हणून. पुढे मधमाश्यांची पोळीसुद्धा विमानाने गेली.

आता एक चूक आपण सगळेच करतो. गोष्ट सांगताना देणारा गोरा आणि घेणारा कोरियन, एवढंच चित्र काढतो. वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती मदतसंस्थेचं नाव निघालं की अमेरिकन धर्मोपदेशक बॉब पियर्स यांचं नाव येतं. पण सोलचे पाद्री हान क्युंग-चिक? ते स्वतः उत्तरेतून जीव मुठीत धरून आलेले. १९४५ च्या डिसेंबरात २७ निर्वासितांना घेऊन त्यांनी प्रार्थना सुरू केली, तेच पुढचं योंगनाक चर्च. युद्धविधवांना, अनाथांना आसरा देण्याचं काम ते करतच होते. पियर्स यांनी परदेशातून पैसा उभा केला. तो कुठे आणि कसा लावायचा, ते सांगणारी अशी माणसं कोरियात होती म्हणून तो कामी आला.

आणि जे चुकलं, तेही सांगितलंच पाहिजे. ‘पिठाचे ख्रिस्ती’ असा शब्दच कोरियन भाषेत रूढ झाला: पीठ मिळतं म्हणून चर्चला येणारे. मला त्या माणसांना नावं ठेववत नाहीत. लेकरू उपाशी असेल तर आई कुठल्याही दारात उभी राहील. प्रश्न देणाऱ्याचा आहे. उपाशी माणसासमोर एका हातात पीठ आणि दुसऱ्या हातात धर्म धरून उभं राहिलात, तर त्याचा होकार खरा मानायचा कसा?

दुसरी जखम याहून खोल. १९५५ मध्ये हॅरी आणि बर्था होल्ट या श्रद्धाळू अमेरिकन जोडप्याने आठ कोरियन मुलं दत्तक घेतली. करुणेपोटीच घेतली. पण त्यातून जी वाट पडली, तिच्यावरून पुढच्या दशकांत दोन लाखांच्या आसपास मुलं परदेशी गेली. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने सांगितलं की यात मानवी हक्कांची पायमल्ली झाली: आईबाप असलेल्या मुलांची कागदोपत्री अनाथ म्हणून नोंद झाली, एका मुलाच्या जागी दुसरं पाठवलं गेलं. आणि हे सगळं सरकारच्या डोळ्यांदेखत. यावर वेगळा व्हिडिओ करणार आहे, दोन वाक्यांत उरकण्यासारखं ते नाहीच.

मग टिकलं काय? माझ्या मते, जिथे देणाऱ्याने स्वतःचा हात हळूहळू काढून घेतला, ते टिकलं.

(स्क्रीनवर: जेजू बेट)

१९५४ मध्ये आयर्लंडचे फादर पॅट्रिक मॅकग्लिन्ची जेजू बेटावर, हाल्लिम गावात आले. १९४८ पासूनच्या कत्तलींनी बेट आधीच पोळलेलं. त्यांनी इंचॉनहून एक गाभण डुकरीण आणली. पिल्लं झाली, ती घरोघरी वाटली. वाढवा, विका, पुन्हा वाढवा. पुढे हाल्ला पर्वताच्या उतारावर इसिडोर फार्म उभं राहिलं. त्यांच्या चर्चमधली एक मुलगी पोटासाठी बुसानच्या कारखान्यात गेली आणि तिथेच वारली. ते दुःख त्यांच्या मनातून गेलं नाही. मेंढ्या आणल्या, आयर्लंडच्या सिस्टर्सना बोलावलं, आणि गावातल्या बायका-मुलींना लोकर कातायला, विणायला शिकवलं. कामासाठी कुणाला समुद्र ओलांडून जावं लागू नये, एवढंच. २०१८ मध्ये ते जेजूवरच वारले.

आणि आता माझी सगळ्यात आवडती व्यक्ती: सिस्टर मेरी गॅब्रिएला मल्हेरिन. युद्धाआधीच कोरियात काम केलेल्या मेरीनॉल सिस्टर. युद्धात त्या बुसानला परत आल्या आणि विधवांना हस्तकलेचं काम मिळवून देऊ लागल्या. त्यांनी पाहिलं की पोती येतात, संपतात, पुन्हा रांग लागते. आणि अडीनडीला माणूस सावकाराकडेच जातो. कोरियात ‘ग्ये’ म्हणून भिशी चालायची, पण ती बुडाली की सगळेच बुडायचे.

सिस्टर कॅनडातल्या अँटिगोनिशला गेल्या. सहकारी चळवळीचं ते एक मोठं केंद्र. शिकून आल्या आणि आधी वर्ग घेतले: हिशेब कसा ठेवायचा, कर्ज कुणाला आणि कशाच्या भरवशावर द्यायचं. त्यानंतर १ मे १९६० ला बुसानमध्ये सुरू झाली ‘पवित्र कुटुंब’ पतसंस्था. सभासद २७. (हान यांच्या पहिल्या प्रार्थनेलाही २७ च होते, हा योगायोग मला फार भावतो.) भांडवल सभासदांच्या स्वतःच्या बचतीचं, आणि निर्णयही सभासदांचेच.

जरा विचार करा. सात वर्षांपूर्वी जो माणूस पिठासाठी रांगेत उभा होता, तो आता कर्जसमितीत बसून शेजाऱ्याचा अर्ज वाचतोय. शेजाऱ्याला शिलाई मशीन घ्यायचंय. हप्ता झेपेल का, हे तो ठरवणार आहे. समोर त्याच्याच सहीची वही आहे.

लोण पसरत गेलं. सोलमध्ये त्याच वर्षी दुसरी पतसंस्था निघाली, पुढे जेजूवर मॅकग्लिन्चींच्या हाल्लिममध्येही निघाली. १९७२ मध्ये सरकारने पतसंस्थांसाठी कायदा केला. आणि वर्ल्ड व्हिजनची कोरियातली शाखा? १९९१ मध्ये तिने बाहेरची मदत घेणं थांबवलं आणि दुसऱ्या देशांसाठी पैसे जमवायला घेतले. त्यासाठी शाळाशाळांतून मुलांना प्लॅस्टिकचे छोटे गल्ले वाटले, नाणी टाकायला. त्यांचा आकार पावाचा होता.