आकडा बदलला, स्लाइडचं काय?

[दृश्य: पहाटेचा तानसा तलाव. भिंतीवरची पाण्याची मोजपट्टी.]

सकाळचे सहा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा साठा रोज या वेळेचा धरला जातो. भातसा, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी. सातही काठोकाठ भरले तर वापरण्याजोगं पाणी होतं १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं: ७ लाख १७ हजार ३७. तुळशीच्या वाट्याला जेमतेम ८ हजार ४६. पाऊस लांबला की हे आकडे घरोघरी वाचले जातात. पाणीकपात होणार की टळणार, हे त्यांच्यावर ठरतं.

आता समजा, एखाद्या कार्यालयात हा सकाळचा आकडा एक्सेलच्या तक्त्यात भरला जातोय. तक्त्याशेजारी स्तंभालेख आहे, सात तलावांचे सात स्तंभ. तोच आलेख एका पीपीटीत बसवलाय, कारण अकरा वाजता आढावा बैठक आहे आणि साहेबांसमोर स्लाइड लागणार आहे. सहा ते अकरा, मधे पाच तास. तक्त्यातला आकडा बदलला. स्लाइडवरचा स्तंभ हलला का?

[दृश्य: संगणकाचा पडदा. डावीकडे एक्सेल, उजवीकडे पॉवरपॉइंट.]

याचं उत्तर आलेख कॉपी करून स्लाइडवर पेस्ट करताना, त्या एका क्षणी ठरून गेलेलं असतं.

पेस्ट केल्याबरोबर आलेखाच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह येतं. बहुतेक जण त्याकडे बघतही नाहीत. त्यात पर्याय असतात. आलेख चित्र म्हणून चिकटवता येतो. मग तो फोटोच, पुन्हा कधी बदलणार नाही. दुसरा पर्याय, सगळी एक्सेल फाइलच पीपीटीच्या पोटात घालायची. आणि तिसरा, आलेख स्लाइडवर ठेवून आकडे मूळ फाइलमधून आणायचे, म्हणजे लिंक करायचं. काहीच निवडलं नाही तर पॉवरपॉइंट लिंकच करतो. अनेकांच्या सादरीकरणात लिंका असतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो, तो यामुळे.

ही सोय आजची नाही. कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट या छोट्या कंपनीनं १९८७ च्या एप्रिलमध्ये मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट आणलं. रॉबर्ट गॅस्किन्स यांची कल्पना आणि डेनिस ऑस्टिन, थॉमस रडकिन यांची बांधणी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं १ कोटी ४० लाख डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली. पहिल्या आवृत्तीचं काम होतं ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका तयार करायचं, त्याही काळ्यापांढऱ्या. पारदर्शिका एकदा छापली की छापली. आकडा बदलला तर नवी छापा. मात्र त्याच सुमारास विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडून आकडे मागवायची व्यवस्था आली होती, आणि १९९० नंतर तिच्यावरच ओएलई (ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग) उभं राहिलं. दुसऱ्या फाइलमधली वस्तू इथे जोडायची किंवा इथेच रुजवायची, हे दोन मार्ग तेव्हापासूनचे. तीस वर्षांहून जास्त काळ ते आपल्या हाताशी आहेत, आणि तरी आजही बैठकीच्या आदल्या रात्री कुणीतरी एकेक आकडा डोळ्यांनी वाचून स्लाइडवर टंकत बसलेलं असतं. त्या माणसाचा वेळ वाचावा, ६६ चे ९९ होऊ नयेत, यासाठी हा विषय नीट समजून घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: एका फाइलचं नाव बदललं जातं. आतले फोल्डर उघडतात.]

समजून घ्यायचा सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे फाइल उघडून बघणं. एखाद्या पीपीटीची प्रत काढा. नावाच्या शेवटी पीपीटीएक्स असतं, ते पुसून झिप लिहा. आता ती नेहमीच्या झिपसारखी उघडेल. आत पीपीटी नावाचा फोल्डर, त्यात स्लाइड्स, मीडिया आणि चार्ट्स. या चार्ट्समध्ये प्रत्येक आलेखाची एक साधी मजकुराची फाइल असते. ती नोटपॅडमध्येही वाचता येते.

त्या फाइलमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या सापडतात. एक म्हणजे पत्ता: हे आकडे कुठल्या तक्त्यातल्या कुठल्या रकान्यांतून आले. दुसरी म्हणजे ते आकडे स्वतः, शेवटचे आणले तेव्हा जसे होते तसे. पडद्यावरचा स्तंभ काढला जातो तो या दुसऱ्या नोंदीवरून. म्हणजे लिंक केलेला आलेखसुद्धा आपली शिदोरी बांधूनच निघालेला असतो. मूळ तक्ता सापडो न सापडो, त्याचं अडत नाही.

सगळी गंमत आणि सगळा धोका इथेच आहे. लिंकचा पत्ता म्हणजे साधारण अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाइल. आता ही पीपीटी पेन ड्राइव्हवर घेतली, मेलनं पाठवली, बैठकीच्या खोलीतल्या दुसऱ्याच संगणकावर उघडली. त्या संगणकावर तो फोल्डर नाही. लिंक तुटली. पण पडद्यावर काय दिसतं? एकदम नीटनेटका, रंगीत आलेख, कालच्या आकड्यांचा. तांबडी फुली नाही, रिकामी चौकट नाही, बिघाडाची कसलीही खूण नाही. आकडे जुने आहेत हे ओळखायला आलेखात काहीही नसतं.

फाइल उघडताना एक सूचना येते खरी: या सादरीकरणात दुसऱ्या फाइलींच्या लिंका आहेत, अद्ययावत करायच्या का? सुरक्षेच्या इशाऱ्यासारखी दिसते म्हणून घाईत लोक ती रद्द करून पुढे जातात. सगळ्या लिंकांची यादी फाइल मेनूतल्या माहितीच्या पानावर, उजव्या बाजूला खाली असते. तिथे प्रत्येक लिंक स्वयंचलित आहे की हाताने चालवायची हे दिसतं, नवा पत्ता देता येतो, आणि हवी तर लिंक तोडताही येते. बैठकीला निघण्याआधी ही यादी उघडावी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

[दृश्य: ब्राउझरमध्ये गूगल स्लाइड्स. आलेखाच्या कोपऱ्यात बटण.]

गूगल स्लाइड्समध्ये पत्त्याची भानगड बरीच मिटते, कारण तक्ता आणि सादरीकरण दोन्ही एकाच ठिकाणी, गूगलच्या सर्व्हरवर. पण तिथेही आलेख आपणहून बदलत नाही. गूगल शीट्स या तक्त्यातला आकडा बदलला की आलेखाच्या कोपऱ्यात ‘अपडेट’ असं बटण उगवतं. ज्याला संपादनाचा अधिकार आहे त्यानं ते दाबायचं. नुसतं बघणाऱ्याला जुनाच आलेख दिसत राहतो.

बटण दाबायचं काम यंत्रावर सोपवता येतं. अ‍ॅप्स स्क्रिप्ट या गूगलच्याच कोड लिहायच्या सोयीत दहाबारा ओळी लिहायच्या: प्रत्येक स्लाइडवर जा, जोडलेले आलेख शोध, ताजे कर. त्याला रोजची वेळ लावून द्यायची. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. रोज सात वाजता असं सांगितलं तर ते काम सातच्या ठोक्याला होत नाही. सात ते आठ या तासात केव्हातरी होतं. सहाचा आकडा भरणाऱ्याला उशीर झाला, त्यानं पावणेआठला भरला, आणि स्क्रिप्ट सव्वासातलाच चालून गेली, तर अकराच्या बैठकीत कालचा साठा आज म्हणून दिसेल. आणि सगळ्यांची खात्री असेल की हे तर आपोआप अद्ययावत होतं.

ही खात्री फार महाग पडू शकते. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये ती पडली.

[दृश्य: लंडन. रिकामे रस्ते, मास्क लावलेली माणसं.]

कोरोनाची दुसरी लाट चढत होती. प्रयोगशाळांकडून आलेल्या चाचण्यांच्या फाइली पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या यंत्रणेत आपोआप ओढल्या जायच्या आणि तिथून रोजची रुग्णसंख्या तयार व्हायची. मधल्या एका टप्प्यावर एक्सेलची जुनी फाइल-पद्धत वापरलेली होती. त्या पद्धतीत एका तक्त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नाही. ओळी भरल्या. उरलेल्या नोंदी बाहेर पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ बाधित त्या त्या दिवशीच्या संख्येत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधण्याचं कामही लांबलं. आलेख मात्र रोज ताजा होत होता. साखळीची एक कडी निसटली तरी शेवटचा स्तंभ ऐटीत उभा राहतो, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीला उलट प्रकार घडला. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दुसऱ्या टाळेबंदीची घोषणा केली. सोबत तेव्हाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी आणि मुख्य वैज्ञानिक सल्लागार पॅट्रिक व्हॅलन्स यांनी स्लाइड्स दाखवल्या. एका स्लाइडवरची सगळ्यात उंच जाणारी रेघ दिवसाला ४,००० मृत्यूंपर्यंत पोचत होती. ती रेघ काही आठवड्यांपूर्वीच्या गणितावरून काढलेली होती, आणि ते गणित करणाऱ्यांचे नवे आकडे त्याहून बरेच खाली आलेले होते. देशभर चर्चा झाली. सरकारनं दाखवलेल्या आकड्यांमागची माहिती लोकांसमोर मांडावी, असं ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाला नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात जाहीरपणे सांगावं लागलं. टाळेबंदी योग्य होती की नव्हती हा वेगळा प्रश्न. पण इतक्या मोठ्या निर्णयाच्या वेळी समोर शिळा आलेख असेल, तर योग्य निर्णयावरचाही विश्वास उडतो.

[दृश्य: पुन्हा पीपीटीचा पडदा. आलेखावर डबल क्लिक, आणि सगळा तक्ता उघडतो.]

लिंकची एवढी कटकट असेल तर सगळी एक्सेल फाइलच पीपीटीत घालावी, असं कुणालाही वाटेल. लिंक तुटायचा प्रश्नच नाही. पण मग आलेखासोबत त्या फाइलमधली सगळी पानं पीपीटीत जातात, लपवलेली पानंही. ज्याला सादरीकरण पाठवलं त्याला ती उघडून वाचता येतात. लपवलेलं पान किती नुकसान करू शकतं हे उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी ८ ऑगस्ट २०२३ रोजी अनुभवलं. माहिती अधिकाराच्या उत्तरात दिलेल्या एक्सेल फाइलमध्ये एक लपलेलं पान राहून गेलं आणि सुमारे साडेनऊ हजार कर्मचाऱ्यांची नावं व नेमणुका बाहेर गेल्या. तिथे आलेख नव्हता, पण पान लपवलं म्हणजे ते गेलं, ही समजूत तीच. कार्यालयाबाहेर जाणाऱ्या पीपीटीत अख्खी फाइल रुजवू नये, असं माझं ठाम मत आहे. आलेखापुरत्या आकड्यांचा वेगळा छोटा तक्ता करावा आणि तोच घालावा.

[दृश्य: भरून वाहणारा मोडकसागर.]

आता ज्यासाठी हे निवेदन करावंसं वाटलं तो मुद्दा.

२०२४ मध्ये मुंबईत ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू झाली. तलाव तळाला गेले होते. मग जुलै बरसला. तुळशी, तानसा, विहार, मोडकसागर एकामागून एक भरून वाहू लागले आणि २९ जुलैला कपात मागे घेतली गेली. दोन्ही निर्णय आपापल्या दिवशीच्या साठ्यावर उभे होते.

कल्पना करा, त्या वेळच्या बैठकीत लिंक केलेला आलेख दाखवला होता. स्लाइडचं शीर्षक, पाणीकपातीचा प्रस्ताव. ती पीपीटी कुणी ऑगस्टअखेर उघडली, सूचना आली, ‘अद्ययावत करा’ दाबलं. सातही स्तंभ जवळजवळ टोकाला भिडले. वर शीर्षक तेच: पाणीकपातीचा प्रस्ताव. वाचणारा म्हणेल, तलाव भरलेले असताना यांनी कपात कशी केली? ज्या आकड्यावर निर्णय झाला तो आकडाच त्या कागदातून पुसला गेला, आणि तो कुणी मुद्दाम पुसला नाही.

म्हणून लिंक केलेल्या पीपीटीच्या दोन फाइली हव्यात, असं मी म्हणते. एक चालू फाइल. तिच्यातल्या लिंका जिवंत, ती रोज बदलणार. आणि बैठक संपल्या संपल्या तिची दुसरी प्रत, सगळ्या लिंका तोडून, नावात त्या दिवसाची तारीख घालून. सोबत पीडीएफ. इतिवृत्ताला जोडायची ती ही दुसरी. फाइल मोठी होईल, फोल्डरमध्ये गर्दी होईल, होऊ दे.

आणि तारीख आलेखाच्या आतच यायला हवी. स्लाइडवर वेगळ्या चौकटीत हाताने लिहिलेली तारीख आलेखासोबत बदलत नाही. आकडे १२ तारखेचे आणि खाली ९ तारीख, असं सर्रास होतं. सोपा उपाय आहे. तक्त्यात स्तंभांच्या मालिकेला जे नाव देतो, त्या रकान्यात ‘साठा’ असं न लिहिता ‘साठा, १२ जुलै, सकाळी ६’ असं लिहायचं. ते नाव आलेखाच्या सूचीत (लेजंडमध्ये) दिसतं आणि आकड्यांसोबत त्याच वाटेनं स्लाइडवर येतं. आकडे जुने राहिले तर तारीखही जुनीच दिसेल, आणि खोलीतल्या कुणालाही विचारता येईल, हा आकडा आजचा का नाही?

[दृश्य: तक्त्यातल्या एका रकान्यात तारीख टंकली जाते. स्लाइडवरची सूची बदलते.]

पावसाळा सरला की १ ऑक्टोबरचा साठा बघून मुंबईच्या पुढच्या वर्षभराच्या पाण्याचा हिशेब मांडला जातो. तुमच्या खात्यात, संस्थेत, शाळेत असा एक दिवस असेलच, ज्या दिवशीच्या आकड्यावर पुढचं सगळं ठरतं. त्या दिवसाची पीपीटी शोधा. लिंकांची यादी उघडा. एखादी लिंक अजून चालू असेल, तर फाइलची प्रत काढून, ‘अद्ययावत करा’ला हात न लावता, आधी तेवढी तोडा.