सरळ सांग, अहुरा

(मुंबईतलं इराणी हॉटेल. गल्ल्यावरची तसबीर.)

पांढरा अंगरखा, दाढी, डोक्यामागे किरणं, एक बोट वर. तसबिरीला ताजा हार. हे झरथुष्ट्र, पारशी-इराणी लोकांचे प्रेषित. खरा चेहरा मात्र कुणालाच ठाऊक नाही.

किरणांचा माग काढत आम्ही पोचलो पश्चिम इराणात, केरमानशाहजवळच्या ताक-ए-बोस्तानला.

(कातळातलं शिल्प. कॅमेरा पायापासून वर.)

मधे इराणच्या ससानी घराण्यातला राजा. त्याच्या मागे कमळावर उभा किरणवाला. पुष्कळ पारशी यालाच झरथुष्ट्र समजत आले. पण हा आहे मिथ्र, म्हणजे आपल्या ऋग्वेदातला मित्र हा देव. शिल्प चौथ्या शतकातलं. झरथुष्ट्रांना तर पुष्कळ अभ्यासक इसवी सनापूर्वी १५०० ते १००० या काळात ठेवतात, आणि तेही इराणच्या पूर्वेला किंवा मध्य आशियात.

चेहरा राहिला नाही, पण शब्द राहिले. सतरा सूक्तं, म्हणजे गाथा. कित्येक शतकं ती मोबेदांच्या, म्हणजे पारशी पुरोहितांच्या, तोंडपाठ होती, यस्ना या पूजापाठाच्या ७२ अध्यायांत मिसळलेली.

(पुणे. विश्रामबागवाडा. लाकडी सज्जा, नक्षीचे खांब.)

पेशव्यांच्या या वाड्यात तेव्हा पूना कॉलेज भरत असे. १८५९ साली मार्टिन हाउग हे जर्मन पंडित संस्कृत शिकवायला पुण्यात आले. हाउग यांनी ठासून सांगितलं, की या सूक्तांची भाषा उरलेल्या अवेस्तापेक्षा, म्हणजे पारशी धर्मग्रंथापेक्षा, जुनी आहे. झरथुष्ट्रांचे स्वतःचे बोल म्हणावेत ते हेच. १८६२ साली त्यांचे निबंध मुंबईत छापले गेले.

संस्कृत शिकवणाऱ्याच्या कानाला हे का लागलं, ते गाथेतल्या एका सूक्ताच्या या ओळीत दिसतं. वर अवेस्ताची भाषा, खाली संस्कृत.

(पडद्यावर दोन ओळी, एकीखाली एक.)

तत् थ्वा पेरेसा, एरेश मोइ वओचा, अहुरा.
तत् त्वा पृच्छामि, ऋजु मे वोच, असुर.

हे तुला विचारतो, सरळ सांग, अहुरा. अहुरा म्हणजे झरथुष्ट्रांचा देव, अहुरा मझ्दा. असुर शब्दाने दचकू नका; ऋग्वेदात वरुणालाही आदराने असुर म्हटलंय. नावंसुद्धा ओळखीची निघतात. झरथुष्ट्रांचे वडील पोउरुषस्प, आश्रयदाता राजा विश्तास्प: दोघांच्या नावात अस्प, म्हणजे अश्व. झरथुष्ट्र या नावात उष्ट्र, म्हणजे उंट! गुराढोरांवर जगणाऱ्यांची ही नावं.

या सूक्तातली एक सोडून सगळी कडवी याच ओळीने सुरू होतात. पुढे प्रश्न. सूर्याची, ताऱ्यांची वाट कुणी आखली? चंद्र कुणामुळे वाढतो नि घटतो? खाली पृथ्वी कुणी धरलीय?

शिकवणही तशीच थेट. अश म्हणजे सत्य, सृष्टीचा नेम, वेदातलं ऋत. द्रुज म्हणजे खोटेपणा. दोन्हींतलं एक प्रत्येकाने स्वतः निवडायचं, नीट ऐकून, विचार करून. राजाने किंवा पुरोहिताने निवडून चालत नाही. आणि हे म्हणणारा स्वतः पुरोहित होता, बरं का. गाथेत तो स्वतःला 'जओतर' म्हणवतो, म्हणजे आपल्या वैदिक यज्ञातला 'होता' हा पुरोहित.

आयुष्याची हकिकत परंपरेने सांगितलेली: जन्मतः हसलं ते मूल, तिसाव्या वर्षी नदीकाठी साक्षात्कार, मग दहा वर्षांत अनुयायी एकच, तोही चुलतभाऊ. गाथेत एके ठिकाणी तक्रार येते: कुठल्या भूमीकडे जाऊ? माझी गुरं थोडी, माणसं थोडी. अखेर विश्तास्पाने धर्म स्वीकारला. सत्त्याहत्तराव्या वर्षी हत्या झाली, असं म्हणतात.

पुढे सातव्या शतकात ससानी राज्य कोसळलं, या धर्माचे काही जण पुढे गुजरातच्या किनाऱ्याला लागले, तेच पारशी. २०११ च्या जनगणनेत भारतातले पारशी ५७,२६४.

(इराणातलं यझ्द शहर. अग्निमंदिर. काचेपलीकडे अग्नी.)

इथे परक्यालाही काचेतून अग्नी पाहता येतो. तोंडाला पदान, म्हणजे पांढरं फडकं, बांधून मोबेद लाकूड ठेवतो. अग्नीला श्वासही लागू द्यायचा नाही.

(मुंबई. अगियारीचं, म्हणजे पारशी अग्निमंदिराचं, फाटक.)

इथे मात्र आमचा कॅमेरा बाहेरच थांबला. काळी टोपी घातलेले एक आजोबा सुखडाचा, म्हणजे चंदनाचा, तुकडा घेऊन आत गेले. पठण रस्त्यापर्यंत येतंय.

(निवेदन थांबतं. पठणाचा आवाज तसाच चालू.)