पुण्याचा 'जी' किती?

(दृश्य: कॉलेजची प्रयोगशाळा, दुपार. भिंतीवरच्या आधाराला डोलणारी धातूची पट्टी.)

पुण्यातल्या एका कॉलेजात एफवाय बीएस्सीची दुपारची बॅच. प्रयोग, बार पेंड्युलम. मीटरभर लांबीची पट्टी, तिला सारख्या अंतरावर भोकं. एकेका भोकात सुरीधार, म्हणजे पट्टी जिच्यावर डोलते ती धारदार कड, बसवायची, पट्टी हलकेच सोडायची आणि वीस आंदोलनांना लागलेला वेळ लिहायचा. टोकाकडून मधे सरकताना दोलनकाल आधी थोडा घटतो, मग गुरुत्वमध्याजवळ झपाट्याने वाढत जातो. आलेखावर दोन्ही बाजूंना सारखे वक्र उमटतात आणि त्यांवरून गुरुत्वीय त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, निघतं. सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव 'जी', एकक सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग.

मोजणी सोपी दिसते. पण घड्याळ सुरू करताना तोंडून 'शून्य' यायला हवं. 'एक' म्हटलं, की विसाऐवजी एकोणीसच आंदोलनं पदरात पडतात आणि 'जी' थेट १०८० च्या घरात जातो. एकदा ही चूक झाली की पुन्हा सहसा होत नाही.

खरी अडचण पुढे आहे. एका मुलीचं उत्तर आलं ९६९. पुस्तकात ९८०. आता शेजारच्या जर्नलमध्ये डोकवायचं आणि ३०.८ सेकंदांचे हळूच ३०.६ करायचे. याला म्हणतात रीडिंग कुक करणं. आमच्या वेळीही हे चालायचं, आम्हीही केलंय. गुण ९८० च्या जवळ जाण्याला मिळत असतील, तर मुलं ९८० च आणणार. त्यांना दोष कसा द्यायचा?

पण पुण्यात ९८० नाहीच.

९८०.६६५ हा प्रमाण आकडा १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला. तो साधारण ४५ अंश अक्षांशावरचा, समुद्रसपाटीचा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मध्यावर थोडी फुगलेली आहे, त्यामुळे विषुववृत्तावर 'जी' ९७८ च्या आसपास आणि ध्रुवांवर ९८३. पुणे साडेअठरा अंशांवर, वर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. इथला 'जी' ९७८ आणि ९७९ च्या मधे कुठेतरी.

(दृश्य: जुना नकाशा. पॅरिसहून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे सरकणारी रेघ.)

हा फरक जगाला कळला तोच एका न जुळणाऱ्या रीडिंगमुळे. १६७२ साली झ्याँ रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेला. पॅरिसला बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड केला, तेव्हा ते ताळ्यावर आलं. उकाड्याने लंबक लांबला असेल, अशी शंका निघाली. न्यूटनने हिशेब मांडून दाखवला, की एवढा फरक उष्णतेचा नव्हे. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे, या त्याच्या मांडणीला रिशेच्या त्या आकड्याने बळ दिलं. रिशेने पॅरिसचाच आकडा वहीत उतरवला असता, तर?

आणि ते ९६९? हाताने घड्याळ चालू-बंद करताना ०.२ सेकंदांची चूक सहज होते. तीस सेकंदांत ०.२, आणि 'जी' काढताना काळाचा वर्ग येतो म्हणून त्याची दुप्पट. म्हणजे सुमारे १३ इकडे किंवा तिकडे. ९६९, अधिक-उणे १३. पुण्याचा खरा आकडा या पट्ट्यात बसतो! त्या मुलीचं उत्तर चुकलेलंच नव्हतं. त्या शेजारी 'अधिक-उणे' लिहायला कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात शिकवायची पहिली गोष्ट ही. सूत्रं त्यानंतर.

मॅडम तिला ९६९ खोडू देत नाहीत. एवढंच विचारतात, "वीसच का मोजलीस?"

शंभर आंदोलनं म्हणजे अडीच मिनिटं. हाताची चूक तेवढीच, पण उत्तरातला वाटा पाचपट कमी.

बॅच संपत आलीय. मुलगी पुन्हा सुरीधार बसवते. पट्टी सोडते, एक-दोन हेलकावे जाऊ देते. अंगठा घड्याळावर.

"शून्य."